जुन्या प्रेस कॅमेऱ्याची अडगळ पुन्हा कामाला लावताना

नाशिकमध्ये ‘प्रेस’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती नाशिकरोडची नोटांची प्रेस. त्यामुळे ‘माझ्याकडे प्रेसचा कॅमेरा आलाय’ असं मी सांगितलं तेव्हा शेजारच्या काकांनी आवाज खाली आणून विचारलं, “तिथला? बाहेर कसा काढला?” कॅमेरा तिथला नव्हता. रविवार कारंज्याच्या बाजूला एक स्टुडिओ कधीचा बंद पडला होता. त्याच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी मालकाच्या मुलाला भंगारात द्यायची होती, ती मी उचलली. आत चार बाय पाच इंची स्पीड ग्राफिक, म्हणजे जुने वृत्तछायाचित्रकार वापरायचे तो कॅमेरा होता, १२७ मिमीची एक्टार लेन्स होती आणि त्याखाली फिल्म धरायचे होल्डर, चौकटी, पत्रे, नळकांडी असा ढीग होता. कॅमेरा साफ करायला दोन रविवार लागले. ढिगाचा उलगडा व्हायला दोन वर्षं लागली. हा लेख त्या ढिगाविषयी आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ग्राफ्लेक्सने स्पीड ग्राफिक १९१२ साली बाजारात आणला आणि १९७३ पर्यंत तो बनत राहिला. आपल्याकडे वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांच्या हातात तो दिसतो. असे कॅमेरे अजून मिळतात आणि चालतातही. अडचण असते ती त्यांच्या मागे लागणाऱ्या सामानाची. त्यातलं निम्मं ज्या फिल्मसाठी बनलं ती फिल्मच आता बनत नाही. तरीही यातलं फारच थोडं सामान खरोखर मेलेलं असतं, असा माझा अनुभव आहे. फक्त कात्री हातात घेण्याआधी बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर हातात घ्यावा लागतो.

पेटी उघडाल ती अंधारात

पहिला नियम असा की कुठल्याही होल्डरची डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरचं सरकतं झाकण, उजेडात ओढायची नाही. आत फिल्म असू शकते. डार्क स्लाइडच्या मुठीची एक बाजू पांढरी किंवा चकचकीत असते आणि दुसरी काळी. पांढरी बाहेर म्हणजे आतली फिल्म कोरी आहे, काळी बाहेर म्हणजे फोटो काढून झालाय. पांढऱ्या बाजूला उंचवटे असतात, अंधारात बोटाला कळावेत म्हणून. माझ्या पेटीतल्या चौदा होल्डरांपैकी दोनांची काळी बाजू बाहेर होती. रात्री न्हाणीघरात दिवा घालवून त्या फिल्म काढल्या आणि धुतल्या. एक पूर्ण काळी निघाली. दुसरीवर धुक्यातून यावा तसा शाळेचा ग्रुप फोटो उमटला होता. पुढच्या ओळीत मांडी घालून बसलेली मुलं, मधल्या खुर्चीत टोपी घातलेले गुरुजी आणि उजवीकडचा एक तृतीयांश भाग प्रकाशाने खाऊन टाकलेला. हा प्रकाश नेमका कुठून शिरला, हे पुढे त्याच होल्डरची दुरुस्ती करताना कळलं.

मग उजेडात वर्गवारी करायची. साधे दुहेरी फिल्म होल्डर लगेच ओळखू येतात. दोन्ही बाजूंना एकेक डार्क स्लाइड, मध्ये धातूचा पत्रा, खालच्या टोकाला उघडणारी झडप आणि स्लाइडच्या टोकाजवळ आडवी उंच पट्टी. ही पट्टी कॅमेऱ्याच्या पाठीतल्या खाचेत बसते. काही होल्डरांवर उंच पट्टीऐवजी उलट खाचच असते. ते ग्राफ्लेक्स रिफ्लेक्स कॅमेऱ्यांच्या पाठीसाठीचे. स्पीड ग्राफिकच्या साध्या स्प्रिंगच्या पाठीत ते नीट बसत नाहीत आणि दामटून बसवू नयेत. १९४९ पासून आलेली ग्राफलॉक पाठ तुमच्या कॅमेऱ्याला असेल तर तिच्या सरकत्या पट्ट्यांमुळे बाकीचं बरंच सामान अडकवता येतं.

याशिवाय काचेच्या प्लेटचे होल्डर असतात. ते जाडजूड, आतला गाळा खोल आणि त्यात स्प्रिंग. फिल्म पॅक अॅडॉप्टरला एकच डार्क स्लाइड असते आणि पाठ डबीसारखी उघडते. रोल फिल्मचे होल्डर, सहा फिल्म मावणारा ग्राफमॅटिक, पोलरॉइडचे होल्डर आणि फ्लॅशची नळकांडी, एवढं ओळखलं की पेटी संपली.

सगळ्याचे दोन ढीग करा. जे धड आहे त्याला हात लावायचा नाही. कापाकापी फक्त मोडक्या वस्तूंवर. धड ग्राफमॅटिक ‘सुधारायला’ घेणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, फक्त त्याच्याकडून तो विकत घ्यायचा प्रयत्न करतो.

सगळा खेळ पाच मिलिमीटरचा

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या खरखरीत काचेवर, म्हणजे ग्राउंड ग्लासवर, तुम्ही ज्या पातळीवर फोकस केला, त्याच पातळीवर होल्डरमधली फिल्म यायला हवी. चार बाय पाचच्या होल्डरांसाठी अमेरिकन मानक ठरलेलं आहे. होल्डरचा जो पृष्ठभाग कॅमेऱ्याला टेकतो तिथपासून आतल्या पत्र्यापर्यंतची खोली ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिमी. मुभा ०.००७ इंच, म्हणजे जेमतेम ०.१८ मिमी. फिल्मची स्वतःची जाडीही साधारण तेवढीच, म्हणून फिल्मचा पृष्ठभाग ४.८ मिमीवर येतो.

मोजायचं असं. होल्डर सपाट काचेवर ठेवा, डार्क स्लाइड काढा, आत वाया गेलेली एक फिल्म सरकवा. होल्डरच्या दोन्ही कडांवर टेकेल अशी पोलादी पट्टी आडवी ठेवा. व्हर्निअरची शेपटी, म्हणजे खोली मोजायची काडी, पट्टीच्या वरच्या कडेवरून फिल्मला हलकेच टेकवा आणि आलेल्या आकड्यातून पट्टीची जाडी वजा करा. चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी मोजा. काडी दाबली की फिल्म वाकते आणि आकडा फुगतो, म्हणून हात हलका हवा. माझं पहिल्या दिवशीचं सगळं मोजमाप याच चुकीने बाद झालं.

हेच माप कॅमेऱ्याच्या फोकसिंग पॅनेलचंही, म्हणजे ग्राउंड ग्लासच्या चौकटीचंही, घ्या. पॅनेल सुटं करून जी बाजू कॅमेऱ्याला टेकते तिच्यावर पट्टी ठेवायची आणि काचेच्या खरखरीत बाजूपर्यंत मोजायचं. खरखरीत बाजू लेन्सकडेच असली पाहिजे. कधीतरी कुणीतरी काच पुसायला काढून उलटी बसवलेली असते आणि पुढची चाळीस वर्षं सगळे लेन्सला दोष देतात. काही ग्राफ्लेक्स पाठींमध्ये काचेच्या पुढे, लेन्सच्या बाजूला, एक्टालाइट नावाची, चित्र उजळ करणारी पातळ फ्रेनेल लेन्स असते. ती पिवळी पडली म्हणून काढून टाकली तर फोकस सरकतो, कारण काचेची जागा तिला धरूनच ठरवलेली असते.

माप चुकलं तर किती बिघडतं? चार बाय पाचच्या निगेटिव्हवर ०.१ मिमीचा धूसर ठिपका चालवून घेतला, तर चालणारी चूक म्हणजे ०.१ गुणिले अॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा, एफ-नंबर. एफ ४.७ वर ती जवळजवळ अर्धा मिमी होते आणि एफ १६ वर १.६ मिमी. म्हणजे उघड्या लेन्सवर माणसाचे डोळे पकडायचे असतील तर होल्डर काटेकोर हवा. गोदेच्या घाटावर भर उन्हात एफ १६ ने काढणार असाल तर एक मिमीची चूक कुणाच्या बापाला कळणार नाही. कुठला होल्डर कुठल्या कामाला हे मी यावरून ठरवतो आणि प्रत्येकावर मास्किंग टेप लावून त्याचं माप लिहितो. ‘४.८ चांगला’, ‘५.३ फक्त उन्हात’.

खोली जास्त भरली तर फिल्मच्या मागे पातळ कागद किंवा पत्र्याची शिम घालून भरून काढता येते. सातपूर एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या एका दादांकडे मी पितळी शिमचे तुकडे मागायला गेलो. त्यांनी होल्डर हातात फिरवला, मधल्या पत्र्यावर नख मारलं आणि म्हणाले, “साहेब, हा वाकलाय. शिम कशाला, आधी सरळ करा.” दोन सपाट काचांमध्ये रात्रभर वजनाखाली ठेवल्यावर अर्धा दोष गेला. खोली कमी असेल, म्हणजे फिल्म लेन्सकडे पुढे आलेली असेल, तर त्यावर सोपा उपाय नाही. तो होल्डर सुट्या भागांसाठी ठेवा.

उन्हाची परीक्षा आणि प्रकाशाची चोरी

माप जमलं की प्रकाशबंदी तपासायची. लाल दिव्यात होल्डरच्या दोन्ही बाजूंना ब्रोमाइड पेपरचे, म्हणजे फोटो छापायच्या कागदाचे, चार बाय पाचचे तुकडे भरा, स्लाइड बंद करा आणि भर दुपारी गच्चीवर जा. होल्डर हातात धरून प्रत्येक कड दोन-दोन मिनिटं थेट उन्हाकडे करा. मग आत येऊन पेपर धुवा. पांढरा राहिला तर होल्डर पास. काळा पडला तर डागाचा आकारच चोराचा पत्ता सांगतो. स्लाइडच्या तोंडाकडून पंख्यासारखा पसरलेला डाग असेल तर तोंडाची मखमल गेलेली आहे. खालच्या कडेला सरळ रेघ असेल तर झडपेची बिजागरी फाटली आहे. कोपऱ्यातून तिरपी रेघ असेल तर लाकडाचा जोड सुटलाय. शाळेच्या फोटोचा उजवा भाग ज्याने खाल्ला ती बिजागरीच निघाली.

बिजागरी दुरुस्त करणं सर्वांत सोपं. जुन्या होल्डरांची झडप धातूच्या नव्हे तर कापडाच्या पट्टीवर फिरते. ते कापड कुजतं. जुनी पट्टी ब्लेडने खरवडून काढा, खालचा जुना सरस पॉलिश पेपरने घासा आणि काळ्या बुकबाइंडिंगच्या कापडाची नवी पट्टी फेविकॉलने चिकटवा. झडप किंचित उघडी ठेवून पट्टी लावायची. बंद ठेवून लावली तर वाळल्यावर ती उघडताना ओढ बसते. चिकटपट्टी वापरू नका. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये तिचा गोंद पाघळतो आणि थेट फिल्मला लागतो.

तोंडाची मखमल बदलायला धीर लागतो. तिथे मखमलीची अरुंद पट्टी असते आणि तिच्या मागे पातळ पितळी स्प्रिंग, जी स्लाइड बाहेर असतानाही मखमल दाबून फट बंद ठेवते. लाकडी होल्डरांत वरची पट्टी बारीक खिळ्यांनी बसवलेली असते. ती उचकटताना खालून रुंद पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर फिरवा, नाहीतर जुनं लाकूड चिरतं. मेन रोडवरच्या कापडाच्या दुकानात आखूड लवीची काळी मखमल मागितली तर दुकानदार ब्लाउजपीसचं माप विचारतो. त्याला अर्धा मीटर सांगा, जन्माला पुरेल. लव आखूडच हवी. लांब लवीचे धागे तुटून फिल्मवर बसतात आणि प्रिंटमध्ये आभाळात केस उगवतात. स्प्रिंग मेली असेल तर तांबट लेनमध्ये पितळेचा पातळ पत्रा मिळतो. पट्टी कापून तिला बोटाने धनुष्यासारखा हलका बाक द्या.

पावसाळ्यात लाकडी होल्डर फुगतात आणि स्लाइड अडकते. तेव्हा ती ओढाताण करून काढू नका आणि तेलही घालू नका. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात चार दिवस ठेवा. स्लाइडच्या कडांना मेणबत्तीचं मेण अगदी पुसटसं चोळलं तर पुढचा पावसाळा सुखाचा जातो.

आत भरायचं काय

चार बाय पाचची फिल्म अजून बनते, पण ती परदेशातून मागवायची आणि प्रत्येक फोटोमागे छातीत धडधड करून घ्यायची, हे दुरुस्त केलेले होल्डर तपासताना परवडत नाही. माझा बहुतेक सराव एक्स-रे फिल्मवर चालतो.

सर्जिकलच्या ठोक दुकानात आठ बाय दहाची हिरव्या प्रकाशाला संवेदनशील एक्स-रे फिल्म मागायची. इथे एक धडा सांगतो, मला तो पुरा एक डबा खर्चून मिळाला. हल्ली बहुतेक एक्स-रे डिजिटल झाल्यामुळे दुकानात जास्त खपते ती लेसर प्रिंटरची कोरडी फिल्म. ती उष्णतेने उमटते, आपल्या डेव्हलपरमध्ये तिचं काहीही होत नाही. दुकानदाराने मला तीच दिली आणि मी सहा संध्याकाळी डेव्हलपर बदलत बसलो. विचारताना ‘हाताने धुवायची, कॅसेटमध्ये घालायची फिल्म’ असं स्पष्ट सांगा.

ही फिल्म लाल दिव्यात हाताळता येते, ही तिची मोठी मेहेरबानी. पण देवघरातला लाल रंग दिलेला झिरो बल्ब लाल दिवा नव्हे, त्यातून पांढरा प्रकाश झिरपतो. लाल एलईडी घ्या आणि आधी तपासा. फिल्मच्या तुकड्यावर नाणं ठेवून पाच मिनिटं त्या उजेडात राहू द्या, मग धुवा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा लांब न्या.

कापताना लक्षात ठेवा की चार बाय पाचची फिल्म खऱ्या अर्थाने चार बाय पाच नसते. होल्डरच्या खोबणीत जायला ती साधारण १०० गुणिले १२५ मिमी लागते. आठ बाय दहाचे सरळ चार तुकडे केले तर प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिमी मोठा निघतो आणि अर्ध्यात अडकतो. पुठ्ठ्याचा एक साचा कापून कटरवर चिकटवून ठेवा. कोपरे कात्रीने किंचित गोल करा. एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, असतं आणि टोकदार कोपरा शेजारच्या फिल्मवर ओरखडा उमटवतो. दोन्ही बाजूंना इमल्शन असल्याने कुठली बाजू वर हा प्रश्न मात्र मिटतो. नेहमीच्या फिल्मसाठी खुणेच्या खाचा असतात. फिल्म उभी धरून त्या उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन तुमच्याकडे.

मी ही फिल्म, म्हणजे तिचा वेग, दिवसाच्या उजेडात ५० आयएसओ धरतो. दुपारच्या उन्हात एफ १६ ला १/५० सेकंद. संध्याकाळी आणि बल्बच्या प्रकाशात तिचा वेग बराच पडतो, कारण लाल रंग तिला दिसतच नाही. लाल फेटा काळा येतो आणि उन्हाने रापलेला चेहरा आहे त्याहून सावळा. आधी असा एखादा फोटो दाखवून मग काढा, नाहीतर लोक रागावतात.

धुवायला डी-७६ पुरेसा आहे आणि घरी बनतो. ७५० मिलि कोमट पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, याच क्रमाने एकेक विरघळवून एक लिटर करायचं. फक्त मेटॉलआधी चिमूटभर सल्फाइट टाका, म्हणजे मेटॉल हवेने काळपटत नाही. हातमोजे घाला, मेटॉलने कातडीला खाज सुटते. तेवढ्याच पाण्यात पातळ करून २४ अंशांना सहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि लाल दिव्यात बघत पुढे-मागे करा. ट्रेच्या तळाशी काच ठेवा आणि एका वेळी एकच फिल्म धुवा. ओलं इमल्शन सायीइतकं नाजूक असतं. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा बातम्यांत येतो त्या दिवसांत, ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवावा लागतो. मे महिन्यात उलट, बर्फाच्या पिशवीवर.

ब्रोमाइड पेपर आणखी स्वस्त आणि आणखी संथ. ६ आयएसओ धरा, म्हणजे उन्हात एफ १६ ला १/६ सेकंद. ट्रायपॉड लागेलच. पेपर मुळात भडक कॉन्ट्रास्ट देतो. लेन्सपुढे पिवळा फिल्टर लावला की मल्टिग्रेड पेपरचा भडकपणा उतरतो, शटर उघडं ठेवायचा वेळ मात्र वाढवावा लागतो.

प्लेट होल्डर आणि फिल्म पॅक अॅडॉप्टर

काचेच्या प्लेटच्या होल्डरात प्लेट पुढच्या ओठावर टेकते आणि मागची स्प्रिंग तिला पुढे दाबते. म्हणजे जाडी किती का असेना, पुढचा पृष्ठभाग जागच्या जागी राहतो. नुसती फिल्म घातली की मात्र ती पापडासारखी फुगते. पूर्वी यासाठी कडा दुमडलेले पत्र्याचे म्यान मिळायचे. पेटीत सापडले तर सोन्यासारखे जपा. नसतील तर फिल्मच्या मागे तिच्याच मापाचा दीड मिमीचा काळा अॅक्रिलिकचा तुकडा घाला, कडा पॉलिश पेपरने मारून. फिल्म आधी, अॅक्रिलिक मागून. मग खोली मोजा. प्लेट होल्डरची खोली फिल्म होल्डरशी जुळेलच असं नाही, त्यामुळे ती तुमच्या फोकसिंग पॅनेलच्या मापाशी ताडून बघा.

फिल्म पॅक अॅडॉप्टर हे पेटीतलं सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रकरण. पॅकमध्ये पातळ फिल्मचे बारा पत्ते एकामागे एक असायचे. कागदाची जीभ ओढली की काढलेला पत्ता मागे जायचा आणि नवा पुढे यायचा. २३ फेब्रुवारी १९४५ ला जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा उभारणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा फोटो छायाचित्रकार जो रोझेंथल यांनी काढला, तोही स्पीड ग्राफिकमधल्या फिल्म पॅकवरच. पॅक केव्हाच बंद झाले, अॅडॉप्टर उरले. कवडीमोलाने मिळतात.

त्याचा एका फोटोचा होल्डर करायचा तर आधी कागदी जिभा बाहेर यायची फट शोधा. पॅक आत असताना ती पॅकनेच झाकली जायची. रिकाम्या अॅडॉप्टरमध्ये ती सताड उघडी असते. पेपरची पहिली चाचणी काळीठिक्कर येते ती याच फटीमुळे. आतून मखमलीची दुहेरी पट्टी चिकटवून ती बंद करा.

मग खोली. पॅकच्या पत्र्याच्या डबीला पुढे स्वतःचा ओठ असायचा, म्हणून फिल्म अॅडॉप्टरच्या चौकटीला थेट टेकत नसे, थोडी मागे असे. तुम्ही फिल्म थेट चौकटीला टेकवली तर ती पुढे येते. चौकटीपर्यंतची खोली मोजा, हव्या मापातून वजा करा, आणि जी तूट निघेल तेवढ्या जाडीची पोकळ चौकट माउंट बोर्डातून कापा. माझ्याकडे दीड मिमी निघाली, तुमच्याकडे वेगळी निघेल. बोर्ड काळा करून चौकटीवर चिकटवा. त्याच्या मागे फिल्म, तिच्या मागे अॅक्रिलिक, त्यामागे स्पंजचा तुकडा, आणि पाठ बंद. स्पंज एवढाच हवा की खिटी बोटाच्या जोराने लागावी. अंगठा लावावा लागला तर फिल्म मधोमध पुढे फुगतेय असं समजा.

गंमत म्हणजे यात पातळ काचही बसते. हाताने इमल्शन लावलेल्या प्लेट करून बघायच्या असतील तर अॅक्रिलिक काढायचं, काच घालायची, स्पंज बदलायचा.

अर्धी स्लाइड

मोडक्या होल्डरची धड डार्क स्लाइड फेकू नका. तिचं मूठ असलेलं टोक १५ मिमीपर्यंत पूर्ण रुंद ठेवून पुढचा भाग लांबीत बरोबर मधोमध कापा, मध्यरेषेच्या पलीकडे एक मिमी जास्त सोडून. रुंद टोक तोंडाची मखमल झाकतं आणि अर्धी पट्टी अर्धी फिल्म. झाली दोन बाय पाच इंचाच्या लांबट फोटोंची सोय, एका फिल्मवर दोन. अॅल्युमिनियमची स्लाइड असेल तर कानशीने कड मारा, नाहीतर ती नवीन मखमल पहिल्याच दिवशी कापते.

क्रम असा. होल्डर कॅमेऱ्यात, लेन्सचं शटर बंद, कॅमेऱ्याच्या आतल्या, फिल्मपुढच्या पडद्याच्या शटरला हात लावायचा नाही. पूर्ण स्लाइड काढा, अर्धी घाला, फोटो घ्या. अर्धी काढून उलटी करून घाला, दुसरा फोटो घ्या. अर्धी काढा, पूर्ण स्लाइड काळी बाजू बाहेर करून घाला. अदलाबदलीच्या वेळी होल्डरवर काळं कापड टाका. ग्राउंड ग्लासवर पेन्सिलने मध्यरेषा ओढून ठेवा आणि लक्षात ठेवा की चित्र उलटं असतं. वरच्या अर्ध्यात जमीन, खालच्या अर्ध्यात आभाळ.

उरलेलं थोडक्यात

ग्राफमॅटिक अडकत असेल तर नव्वद टक्के वेळा आतल्या सहा पत्र्यांपैकी एकाची कड वाकलेली असते. सपाट काचेवर एकेक ठेवून बघा, जो डुगडुगतो तो दोषी. रोल फिल्मच्या होल्डरांत तरफेने गुंडाळायचे प्रकार फिल्म जास्त सपाट धरतात, निवड असेल तर तेच घ्या.

पोलरॉइडने आपली इन्स्टंट फिल्म २००८ मध्ये गुंडाळली आणि पॅकवाल्या होल्डरांचा शेवटचा आधार असलेली फुजीची एफपी-१००सी २०१६ मध्ये बंद झाली. पोलरॉइडचा ४०५ होल्डर असेल आणि फुजीचं रिकामं प्लास्टिकचं काडतूस कुठून मिळालं, तर लाल दिव्यात त्यात ब्रोमाइड पेपरचा एक तुकडा घालता येतो. एका वेळी एकच फोटो, पण मापाची कटकट नाही, कारण सगळं मूळच्या जागी असतं.

फ्लॅशची नळकांडी मात्र विकू नका आणि कापूही नका. १९७० च्या दशकातल्या एका अंतराळपटात ग्राफ्लेक्सच्या तीन सेलच्या नळकांड्याची तलवार झाली आणि तेव्हापासून संग्राहक त्याच्या मागे आहेत. मी त्याचा फक्त परावर्तक वापरतो, मधे छोटा एलईडी दिवा धरून. अंधाऱ्या वाड्यांत शटर उघडं ठेवून भिंतींवर प्रकाश फिरवायला त्याच्याइतकं गुळगुळीत वर्तुळ दुसरं कुणी देत नाही.

गेल्या बुधवारी गंगाघाटावरच्या आठवडे बाजारात दुरुस्त केलेला शाळेच्या फोटोवाला होल्डर आणि अर्धी स्लाइड घेऊन गेलो होतो. एफ १६, १/५०. पहिल्या पट्टीत भाजीच्या पाट्यांची रांग घेतली. स्लाइड उलटी करत असताना मेथी विकणाऱ्या मावशींनी विचारलं, “एवढा येळ? बिघडलाय का?” म्हटलं, “नाही मावशी, दुसरा काढायचाय.” त्यांनी पदर सारखा केला, मेथीवर पाणी शिंपडलं आणि म्हणाल्या, “मग थांब, जुड्या पुढं मांडते.” दुसऱ्या पट्टीत त्या जुड्या आहेत, पाण्याच्या थेंबांसकट, आणि उजव्या कडेपर्यंत कुठेही प्रकाश शिरलेला नाही.